डबल किक पॅड, बरेच महिने वापरल्यावर: आवाज, शिवण आणि वॉरंटी

गेल्या आठवड्यात माझ्या डबल किक पॅडचं (तायक्वांदोत लाथांच्या सरावासाठी हातात धरायचा, एका मुठीवर फोमची दोन पाती असलेला पॅड) एक पातं मुठीजवळ उसवलं. विक्रेत्याला फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "आघातामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही." लाथा मारण्यासाठीच विकलेल्या वस्तूला आघाताची वॉरंटी नसेल तर मग वॉरंटी आहे तरी कशाची, हे मी पुन्हा पुन्हा लेखी विचारलं. शेवटी "मनगटाचा नवा पट्टा पाठवतो" एवढ्यावर ते आले. माझा पट्टा धडधाकट आहे. उसवली आहे ती शिवण, आणि तिच्याबद्दल अजून एक अक्षर नाही. संताप आला, म्हणूनच हे सविस्तर लिहायला बसले. तायक्वांदो शिकणाऱ्या प्रत्येकाने हा पॅड हाताळलेला असतो, त्यामुळे तो दिसतो कसा यात याहून जास्त वेळ घालवत नाही.

आधी आवाजाबद्दल. हा पॅड मी आवाजासाठी घेतला आणि आजही त्यासाठीच वापरते. डोल्यो चागी, म्हणजे खुबा फिरवून बाजूने मारायची लाथ, पाऊल ताणून, पावलाच्या वरच्या सपाट भागाने बसली की दोन्ही पाती एकमेकांवर आपटतात आणि फटाका फुटावा तसा कोरडा आवाज येतो. बोटं लागली तर आवाज फुसका, नडगी लागली तर बद्द. जाड सिंगल पॅडवर या तिन्ही लाथा जवळपास सारख्याच वाजतात. गुडघा आधी समोर उचला, उभ्या पायाची टाच लक्ष्याकडे वळवा, खुबा फिरवा, मग गुडघ्याखालचा पाय सोडा, हे सर रोज सांगतात. पण टाच वळली नाही तर काय बिघडतं ते या पॅडवर त्या क्षणी कळतं. लाथ खालून तिरकी येते, पाती सरळ मिटत नाहीत आणि आवाज उठतच नाही. पाय मारून झाल्यावर झटकन मागे घेतला नाही तर पाती मिटलेलीच राहतात आणि लगोलग मारलेली दुसरी लाथ मुकी जाते. एकाच पायाने सलग दोन लाथा मारायला मला या पॅडने शिकवलं असं म्हटलं तरी चालेल. शिकवणारा समोर नसताना दर लाथेला लगेच उत्तर देणारी दुसरी कुठलीही वस्तू माझ्या किटमध्ये नाही.

पूमसेसाठी, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींसाठी, मात्र याचा फारसा उपयोग नाही. तेगुक इल जांग या सुरुवातीच्या पूमसेमध्ये आप चागी, म्हणजे सरळ समोर मारायची लाथ, दोनदाच येते, बाकी सगळं काम हातांचं आणि उभं राहण्याच्या पद्धतीचं. तिथे आरसा बरा.

पॅड धरणाऱ्याबद्दल सहसा कुणी लिहीत नाही, पण निम्मा पॅड त्याच्या मनगटात असतो. डोल्यो चागीला पातं उभं आणि किंचित तिरकं, आप चागीला आडवं आणि तोंड जमिनीकडे, वरून येणाऱ्या नेर्यो चागीला तोंड वर. मनगट थोडं सैल असावं, म्हणजे धक्का खांद्यापर्यंत जात नाही. पण हात जागचा हलता कामा नये. माझा धाकटा भाऊ मला खूश करायला लाथ येताना पॅड पुढे आणायचा.

"ताई, केवढा आवाज आला बघ!"

"हात जागेवर ठेव रे. तू मारतोयस की मी?"

पॅड पुढे आला की आवाज दुप्पट होतो, लाथ मात्र तीच असते. घरी सराव करणाऱ्यांनी धरणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी सांगावं.

इथवरचं सगळं मी सुरुवातीच्या काही महिन्यांतच लिहिलं असतं, तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते. मग क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक होगूवर (धडावर घालायचं, सेन्सर असलेलं कवच) क्योरुगीचा, म्हणजे समोरासमोरच्या लढतीचा, सराव सुरू झाला आणि माझं मत बदललं. पॅडवर खणखणीत वाजणारी माझी लाथ होगूवर बसायची, आवाजही यायचा, आणि स्क्रीनवर शून्य. माझ्यासमोरची मुलगी पुढचा पाय उचलून पोटावर नुसती दाबल्यासारखी लाथ मारायची. आवाज जवळपास नाहीच, पण गुण दोन.

कारण सरळ आहे. होगूला दोन गोष्टी कळतात. सेन्सर असलेला मोजा लक्ष्याच्या भागाला लागला का, आणि आघात ठरलेल्या पातळीच्या वर गेला का. ही पातळी वजनगटाप्रमाणे बदलते. आवाजाला तिथे काही किंमत नाही. डबल पॅडची पाती हलकी असतात आणि लाथेसोबत मागे जातात. त्यामुळे त्यावर वेग तयार होतो, पण लक्ष्याच्या आरपार वजन नेण्याची सवय लागत नाही. पायाला समोरून रेटा मिळत नाही आणि खुबा शेवटपर्यंत फिरायच्या आतच लाथ संपते.

पूर्वी आवाजाला मोल होतं, कारण गुण कोपऱ्यात बसलेली माणसं देत. लाथ जोरात वाजली, समोरचा हलला, की बटण दाबलं जायचं. माणसाच्या डोळ्याकानांची मर्यादा 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उघडी पडली. उपांत्यपूर्व फेरीत ब्रिटनच्या सारा स्टीव्हन्सनची शेवटच्या क्षणांतली डोक्यावरची लाथ पंचांनी धरलीच नाही, आणि 2000 व 2004 ची सुवर्णविजेती चेन झोंग विजयी ठरली. पुढे तक्रारीनंतर चित्रफीत पाहून निकाल फिरवावा लागला. 2012 च्या लंडन ऑलिंपिकपासून इलेक्ट्रॉनिक होगू आला, 2016 च्या रिओपासून हेडगार्डही इलेक्ट्रॉनिक झालं. होगूवरचा ठोसा अजूनही पंचच मोजतात आणि त्याचा एक गुण मिळतो. धडावरच्या साध्या लाथेचे दोन आणि डोक्यावरच्या साध्या लाथेचे तीन आता सेन्सरच्या हिशेबाने पडतात.

नव्या पद्धतीमुळे खेळ रुक्ष झाला, पाय हवेत धरून टोचाटोची चालते, अशी तक्रार खूप जण करतात आणि मला ती पटते. मला मोकळी, वेगवान, वाजणारी लाथ आवडते. पण स्पर्धेत उतरायचं असेल तर एकट्या डबल पॅडवर विसंबून चालणार नाही. मी आता सराव जाड शील्डवर (दोन्ही हातांनी अंगाशी धरायची मोठी गादी) सुरू करते, भावाला दोन पावलं मागे ढकलता आलं पाहिजे एवढा रेटा लावून. मग शेवटी पाय मोकळा करायला डबल पॅड. क्रम उलटा केला की शील्डवरच्या लाथा पुन्हा वरवरच्या होतात, हे मला दर वेळी जाणवतं.

आता शिवण. उसवलेल्या जागेतून आत पाहिलं तर बिघाडाचं कारण समोरच होतं. मुठीच्या आत कडक पट्टी आहे आणि ती पातं सुरू होतं नेमकी तिथेच संपते. पुढे नुसता फोम. म्हणजे प्रत्येक लाथेला पातं त्याच एका रेषेवर दुमडतं, आणि त्या रेषेवर शिवण एकपदरी. पट्टी दोन बोटं पुढे नेली असती किंवा शिवण दुहेरी घातली असती तर हे झालं नसतं. यात वापरणाऱ्याचा काय दोष? हा आघाताचा नाही, बनावटीचा दोष आहे, आणि हेच मी विक्रेत्याला आतला फोटो जोडून कळवलं आहे.

नवा पॅड मी घेणार नाही. फोम शाबूत आहे, वरचं कातडं कुठे फाटलेलं नाही. दाभण आणि मेण लावलेला नायलॉनचा दोरा घेऊन जुन्या भोकांतूनच दुहेरी टाके घातले आणि गाठ आतल्या बाजूला घेतली, म्हणजे पावलाला लागत नाही. आवाज थोडा खाली आला आहे, पण बोटं लागली की पावलाचा वरचा भाग, हे अजून स्पष्ट ऐकू येतं.

घेणार असाल तर पॅड हातात धरून पातं मुठीपाशी अंगठ्याने वाकवून पाहा. एकाच रेषेवर मोडल्यासारखं वाकत असेल तर तो पॅड ठेवून द्या. गोलसर वाकलं आणि तिथे दोन ओळी शिवण दिसली तर खुशाल घ्या. ऑनलाइन घेत असाल तर वॉरंटीत "आघात" हा शब्द कुठे येतो ते आधी वाचा. पॅडला माझ्याकडून चार तारे, एक कापला तो शिवणीचा. विक्रेत्याच्या सेवेला एक, आणि तोही फक्त उत्तर वेळेवर आलं म्हणून.