टॉवरचं जाळं की बोटीबोटींचं?

हर्णैच्या बंदरात माणसं दोन तऱ्हांनी जोडलेली आहेत. एक मोबाइल. मासळीचा भाव, वादळाचा इशारा, मुंबईतल्या मुलाचा व्हिडिओ कॉल, हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून येणारी मासे कुठे मिळतील याची माहिती, सगळं त्यावरच. एवढी सोय दुसऱ्या कशात नाही. पण भिस्त टॉवर, वीज आणि केबलवर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांतले फोन दिवसेंदिवस मुके झाले. चाकरमान्यांना घरच्यांची खुशालीसुद्धा कळेना.

दुसरा, बोटीवरचा व्हीएचएफ वायरलेस, म्हणजे रेडिओ लहरींवर बोलायचा संच. फोटो नाही, पैसे पाठवणं नाही, खासगी बोलणं तर नाहीच, पल्लाही मर्यादित. पण आवाज बोटीवरून बोटीवर थेट पोचतो. सोळा नंबरच्या चॅनलवर मदत मागितली की आसपास ज्याचा संच चालू असेल तो ऐकतो.

केंद्र नसलेलं जाळं काही गाठी तुटल्या तरी तग धरतं, हे अमेरिकी अभियंते पॉल बॅरन यांनी १९६४ मध्येच मांडलं होतं. रोजच्या व्यवहाराला मी मोबाइलच निवडेन. पण पुढच्या पिढ्यांचं अख्खं जगणं जाळ्यावर जाणार असेल, तर त्याची घडण वायरलेससारखी हवी. आणि प्रत्येक बंदरात बॅटरीवरचा एक संच आत्ताच हवा.