डीबीटी: ११ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव, निदानाच्या ओझ्यासकट

डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी, ही भावनांचा तोल सांभाळायला शिकवणारी मानसोपचारपद्धती मी गेले ११ महिने वापरते आहे. आठवड्यातून एकदा पाऊण तासाची वैयक्तिक भेट, दर शनिवारी सकाळी दोन तासांचा गटवर्ग आणि रोज रात्री भरायचे एक डायरी कार्ड, असे तिचे स्वरूप आहे. माझे वय ३६, मी पुण्यात राहते आणि एका खाजगी कंपनीत हिशेब पाहते. पहिल्या महिन्यात हे लिहायला बसले असते तर तक्रारअर्ज झाला असता आणि चौथ्या महिन्यात बसले असते तर जाहिरात झाली असती, म्हणून मुद्दाम थांबले.

आधी दुखणे सांगते. माझ्या भावना लवकर पेटतात, फार उंच चढतात आणि उतरायला फार वेळ घेतात. नवऱ्याने दुपारी दोन तास निरोपाला उत्तर दिले नाही की तीन वाजेपर्यंत माझ्या मनात संसार मोडलेला असे. संध्याकाळी तो घरी आला की मी आकांडतांडव करत असे, रात्री त्याच्या हातापाया पडत असे आणि सकाळी इतकी शरम वाटे की ऑफिसला दांडी मारावी लागे. त्याचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता, एवढेच घडलेले असे. याला घरात नावे होतीच. लहानपणी मी हळवी होते, कॉलेजात तापट झाले आणि लग्नानंतर नाटकी ठरले. आई मीठ-मोहऱ्या उतरवून टाकत असे. एका मावशीच्या मते हे बाहेरचे होते आणि त्यासाठी अमावास्येची एक वारी पुरेशी होती.

निदान मिळाले ते पंधरा मिनिटांत. दोन वर्षांपूर्वी एका मानसोपचारतज्ज्ञांनी कागदावर ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ असे लिहिले आणि माझ्याकडे न पाहता नवऱ्याला सांगितले, ‘असे पेशंट फार अवघड असतात, सांभाळून घ्या.’ घरी आल्यावर मी मराठी नाव शोधले, तर ते निघाले सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार. आपल्या भाषेत विकार हा शब्द आजाराला लागतो तसाच कामक्रोधादी षड्रिपूंनाही लागतो, आणि त्याच्यामागे व्यक्तिमत्त्व जोडले की ऐकणाऱ्याला वाटते की या बाईला काही झालेले नाही, ही बाईच मुळात बिघडलेली आहे. मधुमेह झालेल्या माणसाचे स्वादुपिंड बिघडते. माझे मात्र सगळेच बिघडले होते.

त्या ‘बॉर्डर’चा अर्थ कळायलाही मला बरेच दिवस लागले. १९३८ मध्ये ॲडॉल्फ स्टर्न या अमेरिकी मनोविश्लेषकाने हा शब्द वापरला, कारण त्या काळच्या समजुतीप्रमाणे हे रुग्ण सौम्य आणि तीव्र मनोविकारांच्या सीमेवर उभे होते. ती समजूत केव्हाच मागे पडली, नाव मात्र राहिले आणि १९८० मध्ये अमेरिकेच्या अधिकृत निदानपुस्तिकेत पक्के झाले. आजच्या पुस्तिकेत नऊ लक्षणे दिलेली आहेत आणि त्यांपैकी कोणतीही पाच असली की निदान होते. हिशेबनीस असल्यामुळे मी जुळण्या मोजल्या, त्या २५६ भरतात. म्हणजे आमच्या शनिवारच्या वर्गातल्या दोघींचे निदान एकच असूनही नऊपैकी एकच लक्षण समान असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या वर्गीकरणात यालाच भावनिकदृष्ट्या अस्थिर व्यक्तिमत्त्व म्हटले होते. २०२२ पासून लागू झालेल्या नव्या वर्गीकरणात व्यक्तिमत्त्व विकारांचे वेगवेगळे कप्पेच काढून टाकले असून हे नाव केवळ निदानाला जोडायचे एक विशेषण म्हणून शिल्लक आहे.

तरीही त्या नावाने एक काम केले, हे मान्य केले पाहिजे. त्याच्याच आधाराने मला डीबीटीचा पत्ता लागला. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्शा लिनहान यांनी ही पद्धती घडवली आणि १९९३ मध्ये तिची मूळ पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की काही माणसांची भावनिक त्वचा जन्मतःच पातळ असते, आणि अशा मुलाला ‘एवढं काय रडायचं त्यात’ असे वर्षानुवर्षे ऐकावे लागले की आपल्याला काय वाटते यावरचा त्याचा विश्वासच उडतो. मग शांतपणे सांगितलेले कोणी ऐकत नाही आणि किंचाळल्यावर मात्र सगळे धावत येतात, हा धडा ते मूल पक्का करते. हे वाचले तेव्हा मला साताऱ्याच्या घरातला माळा आठवला, जिथे मी रडायला जाऊन बसत असे.

आता प्रत्यक्ष वापराकडे येते. सर्वांत आधी उपयोगी पडले ते बर्फाचे पाणी. तोल जातो आहे असे वाटताच घमेल्यात गार पाणी घ्यायचे, श्वास रोखून त्यात कपाळापासून गालांपर्यंत चेहरा बुडवायचा आणि सुमारे तीस सेकंद तसेच राहायचे. पाण्यात बुडी मारल्यावर सस्तन प्राण्यांच्या हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात, त्याच प्रतिक्षिप्त क्रियेचा हा वापर आहे. राग जात नाही, पण शरीराचा वेग उतरतो आणि पुढच्या दहा मिनिटांत माणूस विचार करण्याइतका ताळ्यावर येतो. हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये, असे वर्गात पहिल्याच दिवशी सांगितले होते. पहिल्यांदा मी हे स्वयंपाकघरात केले तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी काही विचारले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून फ्रीजमधल्या बर्फाच्या ट्रे भरलेल्या दिसू लागल्या.

डायरी कार्डाचे मात्र सुरुवातीला अजिबात जमले नाही. त्यावर भावनांची नावे इंग्रजीत असतात आणि प्रत्येकीसमोर शून्य ते पाच असा आकडा लिहायचा असतो. दीड महिना मी रोज ‘अँगर’समोर चार किंवा पाच लिहीत राहिले आणि बाकीचे रकाने मोकळे ठेवले. मी आयुष्यात कधी इंग्रजीत रागावलेच नाही, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला तेवढा वेळ गेला. मग थेरपिस्टना विचारून मी स्वतःचे कार्ड आखले आणि त्यावर घालमेल, हुरहुर, तगमग, चीड, त्रागा, शरम, ओशाळलेपण, हेवा असे रकाने पाडले. त्या आठवड्यात आकडे एकदम पांगले. ज्याला मी राग म्हणत होते त्यातला मोठा भाग त्रागा होता, म्हणजे दुसऱ्यावरचा राग स्वतःवर काढणे. आणि त्याच्या आधी जवळजवळ प्रत्येक वेळी हुरहुर होती. हुरहुरीवर करायचा उपाय वेगळा आहे, त्रागा सुरू झाल्यावरचा वेगळा. शरम आणि ओशाळलेपण यांतला फरकही मला कार्डाने शिकवला. चूक केल्यावर ओशाळणे योग्यच असते आणि माफी मागितली की ते निवळते. शरम माफीने निवळत नाही, कारण ती कृत्याची नसून आपण असण्याचीच असते, आणि तिच्यापायीच मी ऑफिसला दांड्या मारत होते. तिच्यावर वर्गात शिकवलेला उपाय म्हणजे भावना जे करायला लावते त्याच्या नेमके उलट करणे. लपावेसे वाटले की तोंड धुऊन, नीट साडी नेसून वेळेवर ऑफिसला जाणे. पहिल्या तीन वेळा हे फार जड गेले.

मागणी कशी करावी याचा जो धडा असतो तो थेट घेऊ नये, असे माझे मत आहे. घटना सांगा, आपल्याला काय वाटते ते सांगा, हवे ते स्पष्ट मागा आणि त्यात समोरच्याचा फायदा काय ते दाखवा, असा त्याचा क्रम आहे. गौरीपूजन शनिवारी आले तेव्हा मी हा क्रम तंतोतंत वापरून सासूबाईंशी बोलले आणि ते नोटीस वाचून दाखवल्यासारखे झाले. पुढच्या सणाच्या वेळी मी फक्त एवढे म्हणाले, ‘अहो आई, सकाळचे दोन तास मला वर्गाला जायलाच हवं, आल्यावर पुरणाचं सगळं मी बघते.’ क्रम तोच होता, फक्त ‘मला असं वाटतं’ हे वाक्य गाळले होते. वडीलधाऱ्यांसमोर भावना सांगण्यापेक्षा काम वाटून घेतलेले आपल्याकडे लवकर पटते.

नवऱ्यासाठी एक कौटुंबिक सत्र झाले आणि त्यातून त्याने नेमकी एक गोष्ट उचलली, ती म्हणजे ‘मला पटतंय’ आणि ‘मला कळतंय’ यांतला फरक. पूर्वी तो माझे म्हणणे पटत नाही म्हणून वाद घालत असे. आता ‘मी उत्तर दिलं नाही म्हणून तू घाबरलीस, हे कळतंय’ एवढे म्हणून थांबतो. या एका वाक्याने जेवढी भांडणे वाचली, तेवढी माझ्या कोणत्याही कौशल्याने वाचली नसतील.

सजगतेच्या, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या (माइंडफुलनेस) भागाने मात्र माझी निराशा केली. लिनहान यांनी हा भाग झेन साधनेवरून घेतला आहे. श्वासाकडे पाहत बसले की माझी तगमग वाढते. मी भांडी घासताना फक्त भांडी घासते, तेवढेच मला जमते. ‘मग इगतपुरीला दहा दिवस जाऊन ये, तेच आहे ते’ असा सल्ला निदान चार जणांनी दिला. तीव्र मानसिक त्रास असलेल्यांनी असे शिबिर करू नये, असे तिथली विपश्यना संस्था स्वतःच सांगते, हे त्या चौघांपैकी कोणालाच माहीत नव्हते. दुसरी उणीव अशी की मूळ पद्धतीत संकटाच्या क्षणी थेरपिस्टला फोन करण्याची सोय असते, ती मला मिळाली नाही. रात्री अकरानंतर मी एकटीच असे. अशा दोन रात्री मी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला आणि दोन्ही वेळा पलीकडच्या व्यक्तीने मराठीत शांतपणे ऐकून घेतले. खर्चही लहान नाही. वैयक्तिक भेटीचे १,५०० रुपये आणि वर्गाचे ७०० रुपये धरून महिन्याला आठ-नऊ हजार जातात.

उपचार आतून काम करत होता, पण बाहेर त्या निदानाचा वावर सुरूच होता. पाचव्या महिन्यात उजव्या बरगडीखाली असह्य दुखू लागले म्हणून एका रुग्णालयात गेले. तिथल्या डॉक्टरांनी जुनी फाइल उघडली, पहिले पान वाचले आणि ‘टेन्शन घेता का फार?’ असे विचारून आम्लपित्ताची गोळी दिली. तीन दिवसांनी दुसरीकडे सोनोग्राफी केली, तर पित्ताशयात खडे निघाले. त्या तीन दिवसांत मी स्वतःही हे नाटकच आहे असे समजत होते, आणि याचा मला आजही त्या डॉक्टरांपेक्षा जास्त राग येतो. ऑफिसात मी अर्धशिशी सांगितली आहे. अर्धशिशीला प्रतिष्ठा आहे. तिच्यासाठी लोक खिडकीचे पडदे ओढून देतात.

विम्याचा अर्ज भरताना प्रतिनिधी म्हणाले, ‘मॅडम, तो रकाना मोकळाच ठेवा.’ मी भरला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २१ सांगते की मानसिक आजाराच्या उपचारासाठी विमा शारीरिक आजाराच्या धर्तीवरच मिळाला पाहिजे. हा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्याच कायद्याचे कलम ३ असेही सांगते की केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून ती व्यक्ती, सक्षम न्यायालयाने तसे ठरवल्याखेरीज, विकल मनाची मानता येणार नाही. हे मी छापून घेतले आहे. विमा कंपनीने तीनदा कागद मागवले आणि अर्जानंतर चौथ्या महिन्यात एका ओळीत नकार कळवला. तक्रार केली आहे, उत्तर आलेले नाही.

या सगळ्यात दोन गोष्टींनी मला धीर दिला. लिनहान यांनी २०११ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, हार्टफर्ड शहरातल्या ज्या मनोरुग्णालयात त्या सतराव्या वर्षी दाखल होऊन २६ महिने राहिल्या होत्या, तिथेच उभे राहून आपली कहाणी जाहीर केली. तोपर्यंत ही पद्धती जगभर पोहोचली होती आणि ती शिकलेल्या कितीतरी जणांना तिच्या कर्त्या स्वतः रुग्ण होत्या हे ठाऊक नव्हते. प्रोफेसरबाईंनाही इतकी वर्षे लागली, तर माझ्या अर्धशिशीला मी थोडी सवलत देते. दुसरी गोष्ट मॅसॅच्युसेट्समधल्या मॅक्लीन रुग्णालयातल्या दीर्घ अभ्यासाची. त्यात २९० रुग्णांचा दहा वर्षे मागोवा घेतला आणि १०० पैकी ९३ जणांची लक्षणे किमान दोन वर्षे तरी निदानाच्या निकषाखाली राहिली. नोकरी आणि नाती यांची घडी बसणाऱ्यांचे प्रमाण मात्र निम्म्याच्या आसपास होते, हेही सांगायला हवे. तरी ‘असे पेशंट’ कधी बरे होत नाहीत, हे म्हणणे खोटे आहे.

माझा स्वतःचा हिशेब असा: पहिल्या महिन्यात कोणताही आकडा चारच्या वर गेलेले १९ दिवस होते, गेल्या महिन्यात ६. पूर्वी भावनांचा एक झटका दिवसभर चाले, आता साधारण दीड तास. दोनदा गाडी पूर्ण घसरली, एकदा आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी आणि एकदा काहीही कारण नसताना.

कौशल्यांचा पूर्ण अभ्यासक्रम २४ आठवड्यांचा असतो आणि तो दोनदा करायचा असतो. माझी दुसरी फेरी सुरू आहे. मागच्या शनिवारी वर्गात नव्याने आलेल्या कोल्हापूरच्या एका मुलीने माझ्या मराठी कार्डाची झेरॉक्स मागितली आणि सगळे रकाने वाचून विचारले, ‘ताई, यात तिरमिरी कुठे आहे?’ ती नव्हती. चीड आणि त्रागा यांच्या मध्ये मी पेनाने एक उभी रेघ मारून तिला जागा केली, आणि रविवारी रात्री त्या नव्या रकान्यात पहिला आकडा तीन लिहिला.