मुंबईत ऑफिस कुठे घ्यावं: बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) की लोअर परळ?

काच, लिफ्ट, लॉबी यांत दोन्हीकडचे टॉवर सारखेच. खरा फरक गेटबाहेर पडल्यावर कळतो. लोअर परळला पश्चिम रेल्वेचं स्टेशन आहेच, शिवाय मध्य रेल्वेचं करी रोडही चालत गाठता येतं. डोंबिवली-ठाण्याच्या कर्मचाऱ्यांना ही केवढी सोय! रस्ते मात्र गिरण्यांच्या काळातले, अरुंद.

बीकेसीत एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) आखलेले रुंद रस्ते, राष्ट्रीय शेअर बाजार, हिरे बाजार. पूर्वी वांद्रे किंवा कुर्ल्याला उतरून रिक्षा-बसची रांग ठरलेली. ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो ३ थेट येते. पण मिठी नदी लगतच आहे, म्हणून तळघरातलं पार्किंग पावसाळ्यात बघूनच करारावर सही करा. माझा कल बीकेसीकडे. निम्मी माणसं मध्य रेल्वेवरची असतील, तर मात्र लोअर परळच.