टॉप्सचं कार्ड क्र. ३११: रिप्रिंटमध्ये मिकी मँटल किती सापडतो?

अमेरिकी बेसबॉलपटू मिकी मँटलचं टॉप्स कंपनीने काढलेलं १९५२चं मूळ कार्ड खिशाबाहेरचं आहे. त्यातलं एक अव्वल स्थितीतलं २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. हाती लागतं ते टॉप्सनेच १९८३ साली काढलेलं रिप्रिंट. तो संच ४०२ कार्डांचा, मूळ ४०७ होती.

छपाई देखणी आहे. निळी पार्श्वभूमी, खांद्यावर पिवळट बॅट. मूळ फोटो कृष्णधवल आणि रंग वरून भरलेले, त्यामुळे चेहरा जुन्या कॅलेंडरवरच्या चित्रासारखा गुळगुळीत दिसतो. तो दोष रिप्रिंटचा नव्हे.

घेताना पट्टी जवळ ठेवा. मूळ कार्ड साधारण ६७ × ९५ मिमी, रिप्रिंट ६४ × ८९. मागे ‘रिप्रिंट’ असं छापलेलं असतं, पण ते खरवडून ‘मूळ’ म्हणून विकणारे भेटतात. माप मात्र खरवडता येत नाही. माप जुळणारी नक्कलही असते. तिथे भिंगातून अक्षरांच्या कडा पाहा: मूळ कार्डात काळी रेघ सलग, स्कॅन करून छापलेल्यात ठिपक्याठिपक्यांची. मागे कार्डाचा क्रमांक ज्या चेंडूच्या चित्रात छापलाय, त्यावरचे टाके उलट्या दिशेला दिसले म्हणून लगेच नकली ठरवू नका; मूळ कार्डाचेच तसे दोन छाप आहेत.

मागचे आकडे मात्र तोकडे. ‘गेलं वर्ष’ आणि ‘कारकीर्द’ या दोन्ही ओळी सारख्याच, कारण १९५१ हा न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडून मँटलचा पहिलाच हंगाम: ९६ सामने, १३ होमरन (बहुधा चेंडू मैदानाबाहेर टोलवून मिळणारी धाव), फलंदाजीची सरासरी (दर संधीमागे यशस्वी फटके) .२६७. त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज या अंतिम मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात प्रतिस्पर्धी विली मेजने उंच मारलेला चेंडू सहकारी डिमॅजिओला झेलायला सोडताना मँटलचा बूट मैदानातल्या गटाराच्या झाकणात अडकला आणि उजवा गुडघा गेला. पुढची सगळी कारकीर्द त्या गुडघ्यावर. तरी १९५६ला .३५३, ५२ होमरन, १३० आरबीआय (त्याच्या फटक्यांवर संघाला मिळालेल्या धावा), म्हणजे ट्रिपल क्राउन: या तिन्हींत लीगमध्ये अव्वल. एकूण होमरन ५३६. शेवटचे दोन हंगाम .२४५ आणि .२३७चे निघाले नसते तर कारकिर्दीची सरासरी .२९८वर घसरली नसती.

हे सगळं हवं असेल तर टॉप्सची १९९६ची १९ रिप्रिंट कार्डं बघा, १९५१ ते १९६९ पर्यंतची. नुसतं टेबलावर मांडायला ३११ पुरेल.