दहावीनंतर आयटीआय की बी.कॉम.?

भाच्याची दहावी झालीय. ताईला कॉलेज हवंय, दाजींना आयटीआय.

वेळ बघा. आयटीआयच्या टर्नर, फिटर, मशिनिस्ट ट्रेडला 2 वर्षं, वेल्डरला 1. बी.कॉम.ला अकरावी-बारावी धरून किमान 5. सरकारी आयटीआयची फीही कमी.

कामाचं म्हणाल, तर कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगावला फौंड्र्या (धातू ओतायचे कारखाने) आणि मशीनशॉप आहेत. ओतलेलं कास्टिंग लेथच्या चकात, म्हणजे पकडीत, बांधायचं, कट घ्यायचा, मायक्रोमीटर लावून शतांश मिलिमीटरची चूक पकडायची. हा हात मार्कशीटवर येत नाही, आणि माझ्या लेखी त्याची किंमत फार मोठी आहे. मात्र पाळीभर उभं राहणं, धूळ, उष्णता आलीच. सुरुवातीचा पगारही बेताचाच. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, शिकला तरच पुढं सरकेल.

पदवीचा खरा उपयोग एमपीएससी, बँकेच्या परीक्षांना. तिथं बहुतेक पदांना पदवी लागतेच. नुसती पदवी हातात घेऊन मात्र काम मिळत नाही.

आयटीआयनं शिक्षणाची वाट बंद होते, ही ताईची भीती खरी नाही. 2 वर्षांच्या ट्रेडनंतर इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

घरी लवकर पैसा हवा, हाताला कामाची ओढ असेल, तर आयटीआय. हिशेबात, परीक्षांत रस आणि घरचा 5-7 वर्षं आधार असेल, तर बी.कॉम. भाचा मोटारपंप उघडून बसणारा आहे, त्याला आयटीआयच.