चेरी श्रिंप की क्रेफिश? नाशिकच्या घरातील टाकीसाठी तुलनात्मक आढावा

माशांची टाकी काही काळ नीट सांभाळल्यावर काहीतरी वेगळे पाळावे असे वाटू लागते, तेव्हा ॲक्वेरियमच्या दुकानात सहसा दोन पर्याय पुढे येतात: बोटाच्या पेराएवढे लाल-पिवळे श्रिंप, किंवा दुकानदार ज्याला सर्रास ‘लॉबस्टर’ म्हणून विकतात तो नांग्यांचा निळा अथवा लाल क्रेफिश. दोन्ही दहा पायांचे, कवचाचे आणि गोड्या पाण्यातले प्राणी असले तरी ते पाळण्याचे काम अगदी वेगळे आहे. श्रिंप पाळणाऱ्याला मुख्यतः पाणी सांभाळावे लागते, तर क्रेफिश पाळणाऱ्याला तो एक हट्टी प्राणी सांभाळावा लागतो. यांपैकी कोणते काम आपण रोज आवडीने करू, हा प्रश्न माझ्या मते किमतीपेक्षा आणि रंगापेक्षा आधी सोडवायला हवा.

श्रिंपमध्ये नवख्या माणसाने विचार करावा असा प्रकार एकच, तो म्हणजे चेरी श्रिंप (निओकॅरिडिना डेव्हिडी). अडीच ते तीन सेंटीमीटर लांबी, एक ते दोन वर्षांचे आयुष्य आणि पाण्याच्या बाबतीत बऱ्यापैकी सोशिकपणा ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. पिवळे, निळे, नारिंगी असे दिसणारे बरेचसे श्रिंप याच जातीचे निवडक वाण असतात. रंग जितका गडद आणि अखंड, तितका भाव चढा. क्रिस्टल रेड आणि त्याच्या जवळचे पट्टेरी श्रिंप दिसायला देखणे असले, तरी त्यांना मृदू, किंचित आम्लधर्मी आणि सुमारे २४ अंशांच्या आत राहणारे पाणी लागते. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत ते चिलरशिवाय (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राशिवाय) जमवणे अवघड आहे, म्हणून पहिल्याच टाकीत त्यांच्या नादी लागू नये. शेवाळ खाण्यासाठी प्रसिद्ध असलेला अमानो श्रिंप पाच सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि कणखर असतो. मात्र त्याच्या अळ्यांना वाढीसाठी खारट पाणी लागत असल्याने गोड्या पाण्याच्या टाकीत त्याची संख्या वाढत नाही.

क्रेफिशमध्ये निवड आकारावर ठरते. प्रोकॅम्बारस क्लार्की हा अमेरिकेच्या दक्षिण भागातील आणि उत्तर मेक्सिकोतील प्राणी दहा-बारा सेंटीमीटरपर्यंत वाढतो. निळे दिसणारे क्रेफिश बहुधा याचाच रंगभेद असतात किंवा फ्लोरिडातील प्रोकॅम्बारस ॲलेनी ही जात असते. याउलट मेक्सिकोतील पात्स्क्वारो सरोवराच्या नावाने ओळखला जाणारा नारिंगी बुटका क्रेफिश चार-पाच सेंटीमीटरवर थांबतो आणि स्वभावानेही पुष्कळ मवाळ असतो. ज्याला नांग्या हव्यात पण उपद्रव नको, त्याने याच प्रकाराची चौकशी करावी.

टाकी आणि शेजार

दीड फूट लांब आणि दहा इंच रुंद-उंच अशी सुमारे ३० लिटरची टाकी पंधरा-वीस चेरी श्रिंपना सुरुवातीला पुरेशी होते. हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर, मूठभर जावा मॉस आणि वाळलेली देशी बदामाची पाने एवढ्यावर त्यांचा संसार उभा राहतो. मोठ्या क्रेफिशला एकट्याला निदान ८० ते १०० लिटरची, तळ रुंद असलेली टाकी हवी, आणि तिच्यावर फट नसलेले झाकण हवे. हवेच्या नळीला धरून तो रात्री सहज वर चढतो, आणि कल्ले ओले असेपर्यंत बाहेरही जिवंत राहू शकत असल्याने सकाळी सोफ्याखाली धूळ माखून सापडतो. मुळे धरलेली रोपे तो उपटतो, कापतो आणि खातो. म्हणून हिरवीगार सजवलेली टाकी आणि क्लार्की या दोन इच्छा एकत्र पुऱ्या होणार नाहीत.

शेजाराबाबत दुकानात दिलेली हमी फार मनावर घेऊ नये. दिवसा शांत बसलेला क्रेफिश रात्री तळाशी विसावलेला मासा पकडतो आणि दोन मोठे क्रेफिश एका टाकीत ठेवले तर एक दुसऱ्याला, विशेषतः त्याने कात टाकलेली असताना, खाऊन टाकतो. श्रिंप आणि क्रेफिश एकत्र ठेवणे म्हणजे श्रिंप हे खाद्य म्हणून आणणे होय. श्रिंप स्वतः कोणालाही त्रास देत नाहीत, परंतु गप्पीसारखा गरीब मासाही त्यांची नुकती जन्मलेली पिल्ले टिपतो. संख्या वाढवायची असेल तर पहिले वर्षभर टाकीत मासा नसलेलाच बरा.

नाशिकचे पाणी

या मुद्द्यावर दोघांमधला फरक सर्वांत जास्त जाणवतो. गंगापूर धरणाचे शुद्ध केलेले पाणी नळाला येते, त्यात क्लोरीन असतो. ते बादलीत २४ तास उघडे ठेवून किंवा सोडियम थायोसल्फेट घालून वापरावे. मात्र अनेक सोसायट्यांच्या टाकीत नळाचे, बोअरचे आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी मिसळते, आणि बेसाल्ट खडकातून येणारे बोअरचे पाणी बरेचदा जड असते. क्रेफिशला त्याचे फारसे वावडे नाही, उलट जड पाण्यातील कॅल्शियम त्याच्या कवचाला उपयोगीच पडते. चेरी श्रिंपसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) साधारण १५० ते ३००, सामू ६.५ ते ७.८ आणि मुख्य म्हणजे आठवड्यागणिक न बदलणारे पाणी हवे. घरच्या आरओचे नुसते पाणी दोघांनाही चालत नाही, कारण त्यात कवचासाठी लागणारे क्षार उरत नाहीत.

तांबे हा दोघांचाही शत्रू आहे, पण आधी मरतो तो श्रिंप. द्राक्षबागांवर फवारले जाणारे बोर्डो मिश्रण मोरचुदाचे असते, त्यामुळे मखमलाबाद किंवा दिंडोरी भागातील बागेलगतच्या विहिरीचे पाणी श्रिंपसाठी वापरण्याचे धाडस करू नये. तांब्याच्या हंड्यात ठेवलेले पाणी आणि माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची तांबेयुक्त औषधेही टाळावीत. पालक किंवा दोडका खायला घालताना तो आधी धुऊन, उकळून आणि शक्यतो ओळखीच्या शेतातला घ्यावा, कारण कीटकनाशकाचा अंश माणसाला जाणवणार नाही इतका असला तरी एका रात्रीत टाकी रिकामी करू शकतो.

उन्हाळ्यात चेरी श्रिंपला २० ते २६ अंश मानवतात आणि पाणी दिवसेंदिवस ३० च्या वर राहिले तर मरतुक सुरू होते. नाशिकचा एप्रिल कोरडा असल्याने पाण्यावर वारा देणारा छोटा पंखा तापमान दोन-तीन अंशांनी उतरवतो. आटलेले पाणी मात्र आरओच्या पाण्याने भरावे, अन्यथा क्षार साठत जातात. क्लार्की ३० अंशांच्या पुढेही तग धरतो, फक्त हवेचा पंप बंद पडता कामा नये. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवर चालणारा पंप दोन्ही टाक्यांसाठी घ्यावा. हिवाळ्यातील गारठ्याने क्लार्कीचे काही बिघडत नाही, श्रिंपची वीण मात्र मंदावते.

कात आणि पिल्ले

कात टाकण्याची वेळ दोघांसाठीही जोखमीची असते. श्रिंपची कात काचेसारखी पारदर्शक, मिशांसकट अखंड निघते आणि नवखा मालक ती पाहून श्रिंप मेला असे समजतो. मान आणि पाठ यांच्या सांध्यावर पांढरी कडी दिसू लागली, तर तो श्रिंप कातीत अडकला आहे असे ओळखावे. अशा वेळी बहुधा उशीर झालेला असतो, आणि कारण एकदम जास्त बदललेले पाणी किंवा क्षारांची कमतरता हे असते. क्रेफिश कातीपूर्वी खाणे सोडून बिळात बसतो, पोटात कॅल्शियमचे दोन पांढरे खडे साठवतो आणि कात टाकल्यावर ती स्वतःच खातो, म्हणून ती काढून टाकू नये. तुटलेली नांगी पुढील काही कातींत पुन्हा येते. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेसाचा तुकडा दोन्ही टाक्यांत कॅल्शियमसाठी चालतो.

चेरी श्रिंपची मादी वीस-तीस अंडी पोटाखाली धरून पायांनी सतत वारा घालत असते आणि तीन-चार आठवड्यांनी त्यांतून थेट इवलेसे श्रिंपच बाहेर पडतात. टाकीसमोर बसून पाहण्यासारखे हेच आहे, आणि वाढलेले श्रिंप ओळखीच्यांना देता येतात. क्लार्कीची मादी काही शे अंडी देते आणि इतकी पिल्ले घ्यायला कोणी तयार नसते. मार्बल्ड क्रेफिश तर नराशिवायच पिल्ले देतो, म्हणून तो कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. १९९० च्या दशकात जर्मनीतील ॲक्वेरियम व्यापारात तो प्रथम लक्षात आला आणि पुढे मादागास्करमध्ये झपाट्याने पसरला. युरोपीय संघाने २०१६ मध्ये क्लार्की आणि मार्बल्ड हे दोन्ही आक्रमक परकीय जातींच्या यादीत घातले. भारतात क्रेफिशची मूळची एकही जात नाही. सोडून दिलेला क्लार्की काठ पोखरतो, माशांची अंडी आणि पाणवनस्पती खातो. गोदावरीत किंवा कालव्यात सोडलेल्या अशा प्राण्याला खाली नांदूर मध्यमेश्वरपर्यंत वाट मोकळी आहे. नकोसा झालेला क्रेफिश सांभाळणारा माणूस आधी हाताशी असेल तरच क्लार्की घरी आणावा.

फ्लॅटमध्ये जागा थोडी आहे, हिरवी टाकी हवी आहे आणि आठवड्यातून एकदा पाणी तपासण्याचा कंटाळा नाही, अशा घराने चेरी श्रिंप निवडावेत. पाण्याची खात्री नाही, पण तीन फुटांची टाकी एकाच प्राण्यासाठी अडवण्याची तयारी आहे आणि तो काठी पुढे केली की नांग्या उगारतो हे पाहण्यात मौज वाटते, त्याने क्लार्की पाळावा. मुलांच्या हट्टासाठी टाकी घेत असाल तर बुटका क्रेफिश मला सर्वांत सोयीचा वाटतो. तो दिवसाही फिरताना दिसतो आणि ४० लिटरमध्ये सुखाने राहतो. श्रिंप ठरले तर टाकी दसऱ्याच्या सुमारास मांडावी, अमोनिया आणि नायट्राइट हे नव्या टाकीत साठणारे विषारी घटक शून्यावर येईपर्यंत चार-सहा आठवडे ती प्राण्यांविना चालू द्यावी आणि मगच श्रिंप आणावेत, म्हणजे मार्चचे ऊन सुरू होण्यापूर्वी त्यांची पहिली पिढी याच पाण्यात वाढलेली असेल.