मस्टरवर घ्यायचं की ठेकेदाराकडून? सोलापुरातल्या छोट्या गारमेंट युनिटसाठी

शाळांच्या गणवेशाच्या ऑर्डरी पक्क्या झाल्या की शिलाई, काज-बटण आणि पॅकिंगला पंधरा-वीस जादा हात लागतात. ते आपल्या मस्टरवर, म्हणजे आपल्याच हजेरीपटावर थेट नोकरीत घ्यावेत की लेबर ठेकेदाराला सांगावं, हा प्रश्न दर सीझनला नव्याने उभा राहतो. दोन्ही रस्ते कायदेशीर आहेत आणि दोन्हींवर खड्डे आहेत. पीएफ म्हणजे काय, इथपासून सुरुवात करत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करू. ‘आपली आठच माणसं, बाकी ठेकेदाराची, म्हणजे पीएफ लागत नाही’ असं बऱ्याच जणांना वाटतं. पीएफसाठी २० आणि ईएसआयसाठी (कामगार राज्य विमा) १० हा आकडा मोजताना तुमच्या आवारात ठेकेदारामार्फत काम करणारी माणसंही धरली जातात. आणि पीएफ एकदा लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी सुटत नाही. तेव्हा कायदा चुकवायला ठेकेदार आणत असाल तर तुलना इथेच संपते.

दुसरी पळवाट ५० च्या आकड्याची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतही कंत्राटी कामगारांची नोंदणी-परवान्याची तरतूद ५० कामगारांपासून पुढे आहे. महाराष्ट्रात ही मर्यादा आधीपासून ५० च होती. त्यामुळे पंधरा माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे बहुधा परवाना नसतो आणि त्याला तो लागतही नाही. पण ठेकेदाराने पगार बुडवला तर वेतन संहितेनुसार आस्थापनेच्या मालकावर येतं, आणि पीएफची जबाबदारी मूळ मालकाकडेच असते. शिवाय सुपरवायझर तुमचा, मशीन तुमचं, हजेरी तुमची आणि ठेकेदार फक्त महिन्याला बिल द्यायला येतो, असं असेल तर तो ठेका नावापुरताच आहे असं न्यायालय म्हणू शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या स्टील ऑथॉरिटी प्रकरणातल्या २००१ च्या निकालानंतर असा ठेका बोगस ठरला तर ती माणसं तुमचीच मानली जातात.

आता पैसा. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या वर्गवारीचं किमान वेतन आणि विशेष भत्ता तपासून बदला. मूळ वेतन आणि भत्ता मिळून १४,००० रुपये धरा. मालकाचा पीएफ, विमा आणि प्रशासन खर्चासह १३ टक्के म्हणजे १,८२०. ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे ४५५. बेरीज १६,२७५. ठेकेदार यावर कमिशन लावतो. ८ टक्के धरलं तर १,३०२. झाले १७,५७७. आणि जीएसटी नुसत्या कमिशनवर लागत नाही, सगळ्या बिलावर १८ टक्के लागतो. म्हणजे आणखी ३,१६४. माणशी २०,७४१. भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो आपल्या विक्रीवरच्या करातून वजा होतो, हे खरं, पण तुमची विक्री ५ टक्क्यांच्या मालाची. कापडावरचं क्रेडिट आधीच असतं, त्यात हे येऊन बसलं की लेजरमध्ये साठत जातं, आणि उलट्या कररचनेचा (खरेदीवर कर जास्त, विक्रीवर कमी) परतावा मागताना सेवांवरचं क्रेडिट धरत नाहीत.

मस्टरवर १६,२७५ नंतर बोनसचे ८.३३ टक्के म्हणजे १,१६६ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद केली तर ६७३, म्हणजे १८,११४. जीएसटी सोडून १७,५७७ शी तुलना केली तर ठेकेदार स्वस्त वाटतो, कारण त्याच्या कोटेशनमध्ये बोनस आणि रजेचा पगार बहुतेक वेळा नसतो. तो दिवाळीच्या तोंडावर वेगळ्या बिलाने येतो. कोटेशन मागतानाच ‘बोनस, रजा धरून की सोडून’ हे लेखी विचारा.

ठेकेदाराच्या बाजूने बोलायचं तर दोन गोष्टी कबूल करायलाच हव्यात. गड्ड्याच्या यात्रेत किंवा नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवाच्या वेळी निम्मी माणसं गायब असतात; बदली माणूस शोधणं ही त्याची डोकेदुखी. आणि उचल. शाळा सुरू होताना, लग्नसराईत उचल मागायला माणसं त्याच्या दारात जातात. मस्टरवर तीच उचल तुमच्याकडे येते आणि वसूल करताना एकूण कपात पगाराच्या ५० टक्क्यांवर नेता येत नाही. उचल वहीत लिहून कामगाराची सही घ्यायची आणि हप्ता पगारपत्रकात दाखवायचा, हे शिस्तीने करावं लागतं.

पण ज्या एका गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला ती वेगळीच आहे: ठेकेदाराचं चलन, म्हणजे पीएफ-ईएसआय भरल्याची पावती, कायम एक महिना मागे असतं. पगार ७ तारखेच्या आत आणि पीएफ-ईएसआय १५ च्या आत. ठेकेदार १ किंवा २ तारखेला बिल देतो आणि म्हणतो, ‘बिलाचे पैसे द्या, मग पीएफ भरतो.’ तुम्ही म्हणता, ‘चलन दाखवा, मग पैसे देतो.’ शेवटी तडजोड होते ती मागच्या महिन्याच्या चलनावर. म्हणजे चालू महिन्याचं दायित्व नेहमी उघडं, आणि ठेकेदार सोडून गेला की शेवटचा महिना अडकतो. १५ नंतर विलंबावर वार्षिक १२ टक्के व्याज आणि दरमहा १ टक्का नुकसानभरपाई चढत जाते.

चलन आलं तरी खात्री होत नाही. तीन-चार युनिटांना माणसं देणारा ठेकेदार सगळ्यांची एकच ईसीआर फाइल (पीएफचं मासिक ऑनलाइन विवरण) भरतो. पावतीवर एकूण रक्कम आणि टीआरआरएन (भरण्याचा संदर्भ क्रमांक) असतो, पण तुमची अठरा माणसं त्यात आहेत की नाहीत ते दिसत नाही. कामगारनिहाय ईसीआर स्टेटमेंट मागावं लागतं आणि त्यातला यूएएन (कामगाराचा कायमचा पीएफ क्रमांक), पीएफ वेतन व गैरहजेरीचे दिवस हजेरीपत्रकाशी जुळवावे लागतात. हे शेवटचं सर्वांत सोयीने चुकवलं जातं: माणूस २६ दिवस कामावर आणि फाइलमध्ये १४ दिवसांचा पगार, बाकी गैरहजर. ईएसआयमध्ये हेच जीवघेणं ठरतं, कारण आजारपणाचा भत्ता मिळायला सहा महिन्यांच्या कालावधीत ७८ दिवसांची वर्गणी लागते. दर सीझनला नवीन विमा क्रमांक काढणाऱ्या ठेकेदाराकडे ते दिवस कधीच जुळत नाहीत, आणि कामगार विमा रुग्णालयात गेलेली बाई परत येते ती तुमच्याच दारात. ही जुळवाजुळव नीट करायची तर दरमहा जितका वेळ जातो, तितक्यात मस्टरवरच्या माणसांची फाइल स्वतः भरून होते. मग कमिशन कशासाठी, एवढाच प्रश्न उरतो.

मस्टरचा त्रास मुख्यतः पहिल्या आठवड्यात असतो. आता नवीन यूएएन उमंग ॲपवर चेहरा दाखवून निघतो, त्यामुळे माणूस प्रत्यक्ष समोर बसवावा लागतो. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषिक कारागिरांच्या आधारवर आडनाव आधी आणि बँकेत शेवटी, किंवा स्पेलिंग वेगळं, हे नेहमीचं. कामावर घेण्याआधी आधार, पासबुक आणि जुना यूएएन शेजारी ठेवून पाहा; नाव जुळत नसेल तर आधी दुरुस्ती करून घ्या. ईएसआयची नोंद १० दिवसांत करा, सीझनभर थांबू नका. माणूस सोडून गेला की पोर्टलवर सोडल्याची तारीख लगेच टाका, नाहीतर त्याचे पैसे अडतात आणि फोन तुम्हाला येतात. हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. व्यवसाय कर, जून-डिसेंबरचा कामगार कल्याण निधी ही किरकोळ कामं. महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यामुळे शिलाई विभागात तो फारसा येतही नाही.

‘सीझन संपल्यावर काढायचं कसं?’ या भीतीने बरेच जण ठेकेदाराकडे वळतात. त्याला मुदतीच्या नेमणुकीचं उत्तर आहे. नेमणूकपत्रात सुरुवात आणि शेवटची तारीख, कामाचं स्वरूप, दर लिहा. पीस रेट असेल तर तोही, आणि महिन्याची कमाई किमान वेतनाखाली जाणार नाही हे बघा. कायम कामगाराइतकेच लाभ द्यावे लागतात, पण मुदत संपणं ही कामगार कपात (छाटणी) धरली जात नाही. ग्रॅच्युइटी एक वर्ष पुरं झाल्यावर लागू होते, त्यामुळे पाच महिन्यांच्या सीझनला ती येत नाही. वरच्या हिशेबातले ६७३ वजा करा. पुढच्या वर्षी तीच बाई त्याच यूएएनवर परत घेता येते, आणि शिकलेला हात परत मिळतो.

सफाई, सुरक्षा यांसाठी मात्र मी ठेकेदारच सुचवेन. चढ-उतारासाठी नाही, तिथे माथाडी कायदा आहे, मंडळाकडे चौकशी केल्याशिवाय टोळी लावू नका. शिलाईलाही ठेकेदारच हवा असेल तर करारात एक कलम घाला: बिलातला पीएफ-ईएसआयचा भाग वेगळा दाखवायचा, पगाराचा भाग ७ च्या आत द्यायचा आणि वर्गणीचा भाग फक्त तुमच्या युनिटच्या वेगळ्या ईसीआरचं कामगारनिहाय स्टेटमेंट हातात आल्यावर. शिवाय एका महिन्याच्या वर्गणीइतकी रक्कम अनामत म्हणून ठेवून घ्या. या कलमावर सही करायला ठेकेदार का-कू करू लागला, तर माणसं मस्टरवर घ्या.